मादामची पंच्याहत्तरी

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी मी दोन घरांत राहिले. पहिलं घर सोडलं ते कुकरमुळं. आम्ही तिघी मराठी मुली, एक पुण्याची, एक मुंबईची आणि मी अकोल्याची, विद्यापीठाच्या बसच्या शेवटच्या थांब्याजवळ एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो आणि तिघींची तक्रार एकच होती, ती म्हणजे उरलेल्या दोघी. कुकर कोणी घासायचा यावरून सुरू झालेलं भांडण आमच्या आयांपर्यंत पोचलं. तीन आया तीन गावांतून एकमेकींना फोन करून आमची समजूत काढायला लागल्या आणि मग त्यांचंच आपसात वाजलं, तेव्हा मी ठरवलं, की आता इथून निघालेलं बरं. लायब्ररीच्या नोटीसबोर्डावर एक कार्ड टोचलेलं होतं. तिरक्या, लांब शेपट्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, की शांत मुलीसाठी खोली आहे, मात्र ती गुरुवारी संध्याकाळी मोकळी असावी. शांत मी जन्मात कधी नव्हते. पण गुरुवारी माझा उपास असायचा, त्यामुळं त्या संध्याकाळी कुणाकडे जेवायला जायचा प्रश्न नव्हता. अर्धं तरी जमतंय म्हणून मी फोन केला.

दार उघडलं ते एका ठेंगण्या, ताठ बाईनं. काळा स्वेटर, गळ्यात लाल रुमाल, ओठांना ठसठशीत लिपस्टिक आणि पायात नवऱ्याच्या जुन्या सपाता. तिनं मला नमस्कार नाही केला, नाव नाही विचारलं. "तुला फ्रेंच येतं?" एवढंच विचारलं. मी ओशाळून नाही म्हटलं. "उत्तम," ती म्हणाली, "म्हणजे तू माझी पुस्तकं वाचली नसशील." आणि मला आत घेतलं. या मादाम सोलांज. मी त्यांना शेवटपर्यंत मादामच म्हणाले. त्या फ्रान्सच्या कादंबरीकार, चांगलं कपाटभर लिहिलेल्या. एका अमेरिकन गणिताच्या प्राध्यापकाशी लग्न करून पेन्सिल्व्हेनियातल्या या गावात आल्या. प्राध्यापक गेले आणि मादाम राहिल्या. परत का नाही गेलात, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "घर विकायला काढलं की फोन उचलावे लागतात." फोन उचलणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. ते काम पहिल्या आठवड्यातच माझ्याकडे आलं.

त्या घराला आवाज फार होते. वरच्या मजल्यावर मादाम लिहीत, म्हणजे चालत. लाकडी जमिनीवरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत वाक्य मोठ्यानं म्हणायच्या, मग थांबायच्या, मग खुर्ची करकरायची, म्हणजे वाक्य पसंत पडलं. खुर्ची करकरली नाही तर त्या दिवशी घरात जपून वागायचं. खाली स्वयंपाकघरात रेडिओ दिवसभर पुटपुटत असायचा आणि तो बंद केला की त्या वरून ओरडायच्या, की इतकी शांतता का झाली, कोण मेलं? खाण्यापिण्यात आमचं सुरुवातीला जमलं नाही. त्या सकाळी एक उकडलेलं अंडं खायच्या, पण त्याचा थाट असा की जणू पंगत बसली आहे. छोटा चमचा, छोटी वाटी, मीठ वेगळ्या बशीत. मी पहिल्यांदा फोडणी दिली तेव्हा जानेवारी होता आणि त्यांनी घराच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. आम्ही दोघी कोट घालून वरणभात खाल्ला. पुढं पुढं मात्र मोहरी तडतडली की जिन्यावर सपाता वाजायला लागल्या. "मी फक्त बघायला आले," असं म्हणून त्या खुर्ची ओढायच्या. माझ्या हातचा ठेचा त्यांनी एकदा त्यांच्या त्या वास मारणाऱ्या चीजवर घेतला, डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हणाल्या, "हे लग्नासारखं आहे. पुन्हा दे."

गुरुवारी संध्याकाळी मादामची बैठक भरायची. त्या तिला सलाँ म्हणत. गावात अशी बैठक दुसरी नव्हती आणि तिच्यात शिरकाव मिळावा म्हणून प्राध्यापक मंडळी एकमेकांच्या ओळखी लावायची. मी खुर्च्या मांडायची, कोट घ्यायची, चहा द्यायची. मादाम मधल्या खुर्चीत बसायच्या आणि बोलायच्या, आणि काय बोलायच्या! पुस्तकं, माणसं, नवरे, राज्यकर्ते, सगळ्यांची सालं काढायच्या. त्यांचे नियम होते. आजारपण सांगायचं नाही. मुलांचे पराक्रम सांगायचे नाहीत. कारणाशिवाय स्तुती करायची नाही. जो मादामपेक्षा जास्त बोलेल त्याचा चहा गार द्यायचा, ही मला खास सूचना होती. आणि खायला जवळजवळ काही नाही, पातळ बिस्किटं, तीही मोजकी. "पोट भरलेला माणूस झोपतो," त्या म्हणायच्या, "भुकेला माणूस बोलतो." माझा उपास असल्यामुळं मला हे सोयीचं होतं, पण जीव कासावीस व्हायचा. पाहुणे दार ओलांडून आले आणि उपाशी परत गेले, हे अकोल्यात कळलं असतं तर आईनं माझं नाव टाकलं असतं.

या सगळ्यात एक गंमत होती आणि ती मला बऱ्याच उशिरा कळली. या कादंबरीकार बाईंच्या भोवती इतकी माणसं बसायची, पण त्यांची एकही कादंबरी त्यांतल्या कोणी वाचलेली नव्हती. पुस्तकं फ्रेंचमध्ये, इंग्रजीत एकही नाही, आणि फ्रेंच येणारं गावात जे कोणी होतं ते मादामशी बोलत नव्हतं. हॅरल्ड नावाचे इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, उंच, लाजाळू, नेहमी एकच बो-टाय, दर गुरुवारी सगळ्यांच्या आधी यायचे आणि सगळ्यांच्या शेवटी जायचे. त्यांनी मादामसाठी म्हणून शब्दकोश घेऊन एक पुस्तक वाचायला घेतलं होतं, पण काही वर्षांत ते पहिल्या प्रकरणाच्या पुढं गेले नव्हते. एकदा सगळे गेल्यावर मादाम रिकाम्या खुर्च्यांकडे बघत म्हणाल्या, "हे लोक माझ्या बोलण्यावर प्रेम करतात. बोलणं मी मेल्यावर कुठं राहणार?" त्यांचा आवाज नेहमीचाच होता, पण मला फार वाईट वाटलं.

म्हणून त्यांनी नुकतीच लिहून संपवलेली शेवटची कादंबरी स्वतःच इंग्रजीत करायला घेतली आणि मी ती संध्याकाळी टाइप करून द्यायला लागले. कादंबरीतली बाई त्र्याहत्तर वर्षांची विधवा, आणि ती पियानो दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाच्या प्रेमात पडते. नुसती पडत नाही, चांगली सविस्तर पडते. मी मातीच्या नमुन्यांतला नत्र मोजायला शिकणारी मुलगी, कानशिलं गरम करत ते टाइप करायची. आमच्याकडे त्र्याहत्तराव्या वर्षी बायका गुडघ्यांबद्दल बोलतात. ती कादंबरी न्यूयॉर्कच्या एका प्रकाशनाकडे गेली आणि तिथल्या लीसा नावाच्या तरुण संपादिकेचं उत्तर आलं, की हस्तलिखित विचाराधीन आहे, ऑक्टोबरात एका गुरुवारी मी स्वतः बैठकीला येऊन तुम्हाला भेटते. मादामनी ते मला तीनदा वाचायला लावलं. "ती हो म्हणाली तर," त्या म्हणाल्या, "हॅरल्डला शब्दकोश लागणार नाही." मग घाईघाईनं वर गेल्या.

आता वयाची गोष्ट. मादामचं वय बासष्ट होतं. मी आले तेव्हा बासष्ट होतं, दुसऱ्या वर्षीही बासष्ट होतं आणि हॅरल्डच्या म्हणण्याप्रमाणे त्यांची ओळख झाली तेव्हाही बासष्टच होतं. मात्र त्यांच्या आठवणी त्यांचं ऐकत नसत. एकदा त्या युद्ध संपलं त्या दिवशीची गोष्ट सांगत होत्या. गावाच्या चौकात नाच चालला आहे, एका अमेरिकन सैनिकानं त्यांना उचलून गिरकी दिली, त्याच्या मानेला तंबाखूचा वास येत होता आणि मग त्यानं... इथं त्या थबकल्या. कुणीतरी मनातल्या मनात हिशेब करतंय हे त्यांच्या लक्षात आलं असावं. "असं माझी आई सांगायची," त्या म्हणाल्या. हॅरल्डनी मान डोलावली. मला वाटायचं, बासष्ट हा त्यांचा विनोद असेल. माझी एक आत्या वर्षानुवर्षं "आता पन्नाशी आली गं" म्हणत होती आणि आम्ही कोणी मनावर घेत नव्हतो.

मग त्यांच्या डोळ्यांची तपासणी आली. गाडी मी चालवायची, कारण मादाम ड्राइव्ह करत तेव्हा सिग्नलकडे कुणाचं तरी मत म्हणून बघत. दवाखान्यात खिडकीपाशी बसलेल्या बाईनं विचारलं, "डेट ऑफ बर्थ?" अमेरिकेत तुम्ही कोण आहात हे कोणी विचारत नाही, कधी जन्मलात हे पाच-पाच वेळा विचारतात. मादाम खिडकीत वाकून काहीतरी पुटपुटल्या. बाईला ऐकू गेलं नाही. मादाम पुन्हा पुटपुटल्या. बाईनं मग अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात तारीख, महिना आणि वर्ष म्हणून दाखवलं आणि "इज दॅट करेक्ट, हनी?" असं विचारलं. मी हिशेब केला आणि माझ्या अंगावर आनंदानं काटा आला. येत्या ऑक्टोबरात मादामना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत होती. अमृतमहोत्सव! आमच्याकडे एवढ्या बातमीवर मांडव पडला असता.

परत येताना गाडीत मी विषय काढला. "मादाम, पुढच्या महिन्यात तुमचा वाढदिवस. काहीतरी करू या का?"

"नाही."

"छोटंसं?"

"नाही."

"अगदी घरच्या घरी?"

"नाही, नाही आणि नाही."

माझी खात्री पटली. माझ्या मोठ्या काकांनी आपल्या एकसष्टीला इतक्या वेळा नाही म्हटलं होतं, की शेवटी आचारी बोलवावा लागला. सत्काराला पहिल्या झटक्यात हो म्हणणारा माणूस आमच्याकडे उतावळा समजला जातो. माणसानं नको नको म्हणायचं आणि आपल्या माणसांनी आग्रह करायचा, एवढं साधं असतं ते. मी देवधर काकूंना फोन केला. गावात मराठी विद्यार्थ्यांचं माहेर म्हणजे देवधरांचं घर. काका पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, काकू कशातूनच निवृत्त न झालेल्या. मी सगळं सांगितलं, मादाम तीनदा नाही म्हणाल्या हेही सांगितलं.

"अगं, मग म्हणणारच ना," काकू म्हणाल्या. "स्वतःच्या तोंडानं कोण सांगेल, या आणि मला ओवाळा म्हणून? त्यांना मूल ना बाळ. आपण नाही करायचं तर कुणी?"

"पण काकू, त्या दिवशी न्यूयॉर्कहून त्यांची संपादिका येणार आहे. नेमका तोच गुरुवार आहे."

"मग तर छानच झालं! पाहुण्यांसमोर मान झाला की माणसाची किंमत वाढते," काकू म्हणाल्या. मागून काकांचा आवाज आला, "अगं, त्यांना विचारून तरी घे." काकूंनी त्यांना बटाटे उकडायला लावलं.

हे लिहिताना मला हसू येतं, पण तेव्हा आमच्यापैकी कुणालाही तिळमात्र शंका नव्हती. वय वाढणं ही लपवायची गोष्ट असते हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. ती कमाई होती. आता मी अमेरिकेतच, शुगर लँड नावाच्या गावी राहते, पन्नाशी ओलांडली आहे, आणि सांता क्लाराहून माझी मुलगी व्हिडिओ कॉलवर सांगते, "आई, जस्ट टेल देम फॉर्टी-फाइव्ह, नोबडी विल नो." तिला फार कौतुकानं सांगायचं असतं ते. मी हो म्हणते आणि फोन ठेवल्यावर आरशात जाऊन बघून येते. पण तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि दुसऱ्याच्या वयाचा मला फार अभिमान वाटत होता.

तो गुरुवार उजाडला. मादामनी ठेवणीतला हिरवा पोशाख घातला, केस बांधून घेतले. लीसा आली. सडपातळ, गंभीर, हातात चामडी पिशवी. मादामनी तिला शेजारी बसवलं आणि बैठक अशी रंगवली, की हॅरल्ड चहा प्यायचे विसरले. लीसा हसत होती, पण अधूनमधून घड्याळाकडे बघत होती. चहा द्यायला वाकले तेव्हा ती मादामना हळूच म्हणताना मी ऐकलं, "पुस्तकाबद्दल मला थोडं मोकळेपणानं बोलायचं आहे, नंतर, एकट्यात." मादामनी गळ्यातला रुमाल उगाचच सारखा केला. त्या खोलीतल्या इतक्या माणसांत फक्त मला कळत होतं, की या बाईचा जीव टांगणीला लागला आहे. आता काकू आल्या की सगळं छान होईल, असं मला मनापासून वाटत होतं.

ठरल्याप्रमाणे मी दिवे मालवले. स्वयंपाकघराच्या दारातून काकू आल्या, नारायणपेठी नेसलेल्या, नाकात नथ. मागे काका आणि आमच्याबरोबर शिकणारा पुण्याचा अमोल, बिस्किटं भाजायचे मोठे ट्रे हातात धरून. ट्रेंमध्ये कणकेचे दिवे, तुपात भिजवलेल्या फुलवाती, सगळे पेटलेले. सगळी खोली सोन्यासारखी झाली. मादामचाही चेहरा क्षणभर लहान मुलीसारखा झाला, हे मी शपथेवर सांगते. काकूंनी त्यांना कुंकू लावलं, अंगठी आणि सुपारी ओवाळली, डोक्यावर अक्षता टाकल्या. मादामनी मान तिरकी करून सगळं करवून घेतलं, कारण मान दिला तर घ्यायचा, एवढं त्यांनाही कळत होतं.

"हाउ ब्यूटिफुल," लीसा म्हणाली. "व्हाय सो मेनी?"

काकूंना हा प्रश्न फार आवडला. "वन लॅम्प, वन इयर," त्या प्रेमानं म्हणाल्या. "टोटल सेव्हंटी-फाइव्ह. मॅडम इज व्हेरी लकी."

मी मादामकडे पाहिलं. असा चेहरा मी नको नको म्हणणाऱ्या माणसाचा कधीच पाहिला नव्हता. हॅरल्ड ओठ हलवत दिवे मोजत होते, इतिहासाचा माणूस, पुराव्याशिवाय मानायचा नाही. मादाम उठल्या. ट्रेपाशी गेल्या, वाकल्या आणि एक दिवा फुंकला. मग दुसरा. मग तिसरा.

"अगं बाई!" काकू किंचाळल्या. "मॅडम, नो! दिवा फुंकत नाहीत! नॉट केक!"

मादाम थांबल्या नाहीत. माझ्या लक्षात आलं, त्या तेरा दिवे विझवायला निघाल्या होत्या. बासष्ट करून दाखवणार होत्या. पण काकूंच्या घरात आजवर कोणी देवाचा दिवा फुंकला नव्हता आणि तो अपशकुन परमुलुखातही त्या होऊ देणार नव्हत्या. मादामनी एक विझवला, की काकू शेजारच्या दिव्यानं तो लावायच्या. मादाम डावीकडे, काकू मागोमाग. मादाम फू, काकू "शुभं भवतु". दोघी सारख्याच ठेंगण्या, सारख्याच हट्टी, आणि ट्रे धरलेले काका मधल्यामध्ये गोल फिरताहेत. "यार, हे रेकॉर्ड करायला पाहिजे होतं," अमोल माझ्या कानात म्हणाला. मला त्याला मारावंसं वाटलं. शेवटी मादामचा श्वास संपला. त्यांनी खुर्चीच्या पाठीला हात टेकला, सगळ्या पेटलेल्या दिव्यांकडे एकदा पाहिलं, केसांतल्या अक्षता झटकल्या आणि जिना चढून वर गेल्या. लीसानं पिशवी उचलली. तिला परतीचं विमान गाठायचं होतं, असं ती म्हणाली, आणि गेली.

बाकीचे लोक मात्र हलेनात. काकूंनी गोंधळून, दुसरं काही न सुचून, बटाटेवडे आणि श्रीखंड बाहेर आणलं. इतकी वर्षं पातळ बिस्किटांवर साहित्यचर्चा केलेली ती माणसं त्यावर अशी तुटून पडली, की मला त्यांची दया आली. खाता खाता जिभा सैल झाल्या. एक बाई म्हणाल्या, की मी खरं तर सत्तरची आहे. हॅरल्डनी तिसरा वडा घेतला आणि म्हणाले, "मी एक्काहत्तर. सहासष्ट सांगत होतो. मला वाटायचं, मी त्यांच्यासाठी फार म्हातारा आहे." मग ते बराच वेळ ताटलीकडे बघत हसत बसले. मादामच्या बैठकीत इतका गलका कधी झाला नव्हता, आणि त्या वर अंधारात तो ऐकत होत्या.

सगळे गेल्यावर मी वर गेले. दार लोटलेलं होतं. त्या खिडकीशी बसल्या होत्या, कपाळावर कुंकू तसंच.

"मादाम, आमच्याकडे हा मान असतो," मी म्हटलं. मला रडू येत होतं. "मला वाटलं, तुम्ही उगाच नाही म्हणताय."

"मी नाही म्हणते तेव्हा नाही म्हणते," त्या म्हणाल्या. मग शांतपणे सांगितलं. पॅरिसला त्यांच्या प्रकाशकानं त्यांना जेवायला नेलं होतं. मासे मागवता मागवता तो म्हणाला, की म्हातारीची प्रेमकथा कोण विकत घेणार, आता तुम्ही आठवणी लिहा, नाहीतर विश्रांती घ्या. त्या दिवशी त्या बासष्टच्या होत्या. "त्यानंतर मी एकही वाढदिवस केला नाही. आणि आज तू एका संपादिकेसमोर माझं वय जाळून दाखवलंस. माझं पुस्तक गेलं." मग खिडकीकडे वळून म्हणाल्या, "तू दुसरी खोली बघ."

पुढचे दिवस मी त्या घरात चोरासारखी वावरले. वर चालण्याचा आवाज नाही, खुर्चीची करकर नाही. मी फोडणी दिली तरी जिना वाजेना. रेडिओसुद्धा मादामनी बंद केला. कुकरवाल्या मैत्रिणींनी मोठ्या मनानं हॉलमधला सोफा देऊ केला आणि मी त्यावर बसून पाहून आले. तो मध्ये खचलेला होता. पण मला सोफ्याचं दुःख नव्हतं. माझं त्या बाईवर प्रेम होतं, आईवर असतं तसं नाही, मोठ्या, भांडखोर मैत्रिणीवर असतं तसं, आणि तिच्या आयुष्यातली एकच उरलेली आशा मी मोठ्या हौसेनं मोडली होती. काकूंनी डबा पाठवला, तोही तसाच परत गेला.

मी पुस्तकं खोक्यात भरत होते तेव्हा फोन वाजला. लीसा होती. मादामनी फोन घ्यायला नकार दिला, म्हणून मी स्पीकर लावून तो जिन्याच्या पायरीवर ठेवला. वर दार किलकिलं झालं.

"मी त्या दिवशी नकार द्यायला आले होते," लीसा म्हणाली. "मला वाटलं होतं, की या बाई त्र्याहत्तराव्या वर्षीच्या प्रेमाची नुसती कल्पना करताहेत. इतकं धीट, इतकं लाडीक, असं कुणी म्हातारपणी बोलतं का, असं वाटायचं. मी समासात तसं लिहूनही ठेवलं होतं. मग ते दिवे पाहिले. विमानात पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं. मादाम, तुम्ही कल्पना करत नव्हता. आम्हाला पुस्तक हवं आहे. फक्त पाठीमागच्या मजकुरात तुमचं वय पहिल्या वाक्यात जाईल."

जिन्यावर सपाता आल्या. एक पायरी, मग आणखी एक.

"एकोणसत्तर," मादाम वरून म्हणाल्या.

"मादाम..."

"एक्काहत्तर. आणि हे शेवटचं."

"पंच्याहत्तर," लीसा म्हणाली. "नाहीतर वाचणाऱ्यांनाही माझ्यासारखंच वाटेल."

मादाम पायरीवर बसल्या. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. मग त्या म्हणाल्या, "ठीक आहे. पण फोटो मी बासष्टची असतानाचा." लीसा हसली, मी हसले, आणि मग मादाम हसल्या, इतक्या की त्यांना ठसका लागला. फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्या खोक्याकडे पाहिलं. "एवढी पुस्तकं का काढून ठेवलीस? धूळ बसेल," असं म्हणाल्या आणि वर गेल्या. थोड्या वेळानं खुर्ची करकरली.

पुस्तक यायला वर्ष-दीड वर्ष लागलं. ते दुकानात आल्यानंतरच्या गुरुवारी मी खुर्च्या मांडल्या आणि लोक आले, काकाकाकूही आले, काकू कोपऱ्यात डबा मांडीवर घेऊन बसल्या. प्रत्येकाच्या हातात ते पुस्तक होतं, पानं दुमडलेली, खुणा घातलेल्या. मादाम मधल्या खुर्चीत बसल्या. नेहमी त्या सुरुवात करत, आज करेनात. त्यांचे हात मांडीवर एकमेकांत गुंतलेले होते आणि मी त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं. इतकी वर्षं त्यांनी या माणसांना आपलं बोलणं दिलं होतं, आणि आता ती माणसं त्यांचं खरं काय आहे ते वाचून आली होती.

हॅरल्डनी चष्मा चढवला. "मी यातलं थोडं वाचू का?" त्यांनी विचारलं. मादामनी मान डोलावली. ते पियानोवाला पहिल्यांदा परत जायला निघतो ते पान होतं. बाई त्याला म्हणते, की थांब, अजून एक सूर बरोबर नाही. हॅरल्ड हळूहळू, शब्द जपून ठेवल्यासारखे वाचत होते. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते, तिथून मला मादामचा चेहरा दिसत होता. त्यांचे ओठ फक्त हलत होते, हॅरल्डच्या प्रत्येक वाक्यामागून, तेच वाक्य, आवाज न करता, फ्रेंचमध्ये.